लिम्फ नोड फ्लॅपमधल्या गाठींना रक्त पोचतंय का, हे टेबलावरच कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन झाल्यावर हात सुजलेल्या पेशंटसाठी जांघेतून लिम्फ नोड फ्लॅप (म्हणजे लिम्फच्या गाठींसकट चरबी-त्वचेचा तुकडा, काखेत नेऊन रक्तवाहिन्यांना जोडायला) उचलायचा, तर त्या नोड्सना रक्त मिळतंय की नाही हे ऑपरेशन चालू असतानाच कसं बघायचं, आणि मॅपिंगलाही (कुठली गाठ कुठलं लिम्फ वाहून नेते ते शोधायला) आयसीजी हा चमकणारा डाय नि रक्तप्रवाह बघायलाही आयसीजी, मग स्क्रीनवर जे चमकतं ते नक्की काय समजायचं. सॉफ्टवेअरच्या आकड्यांचं आणि लिम्फची नळी थेट व्हेनला जोडायच्या ऑपरेशनचंही त्यातच विचारलंय, आणि शेवटी हॉस्पिटल नवीन कॅमेरा घेतंय तर काय बघून घ्यावा असंही विचारलंय. विचारणारे प्लास्टिक सर्जरीचे रेसिडेंट आहेत त्यामुळे अगदी मुळाक्षरांपासून सुरू करत नाही, पण असली उत्तरं पेशंटचे नातेवाईकही वाचतात म्हणून अधेमधे सोपं करून सांगेन, तेवढं चालवून घ्या.

आधी थेट उत्तर देऊन टाकतो. नोड चमकला म्हणजे त्याला रक्त मिळतंय असं धरून चालायचं नाही. चमक दिसली की दोनच गोष्टी विचारायच्या, हा डाय इथे रक्तातून आलाय की लिम्फमधून, आणि आलेला डाय व्हेनमधून बाहेर पडतोय का. ह्या दोन्हींची उत्तरं मिळाली तर पुढे जायचं, नाहीतर थांबायचं. बाकी सगळं ह्या दोन गोष्टी कशा करायच्या एवढंच आहे.

हे एवढं ताणून का सांगतोय ते बघा. पोटाच्या फ्लॅपने ब्रेस्ट बनवला आणि तो गेला तर दोन दिवसांत निळाकाळा पडतो, सगळ्यांना दिसतं, पेशंटला परत ओटीत घेता येतं. लिम्फ नोड फ्लॅपचं तसं नसतं. वरची त्वचा छान गुलाबी, डॉपलर (रक्तप्रवाह आवाजात ऐकवणारं यंत्र) वाजतोय, पेशंट पाचव्यासहाव्या दिवशी घरी, आणि आतले नोड मात्र रक्ताविना सुकून त्यांची गाठाळ फायब्रस चरबी झालेली. हे कळणार कधी, तर वर्षभराने, हाताचा घेर कमी झालेला नाही आणि सेल्युलायटिसचे (त्वचेच्या इन्फेक्शनचे) झटके पूर्वीसारखेच येतायत तेव्हा. मग सगळे म्हणतात नोड ट्रान्सफरचा काही उपयोग नाही बुवा. माझं स्पष्ट मत आहे की ह्या ऑपरेशनची जी बदनामी होते तिच्यातला काही भाग तरी असा आहे की नोड म्हणून जे नेलं ते जिवंत नव्हतंच, नुसती चरबी नेली.

त्वचा आणि नोड ह्यांचा रक्तपुरवठा एकच असतो हा समज आधी काढून टाका. जांघेत सुपरफिशियल सर्कमफ्लेक्स इलियाक आर्टरीच्या एका फांदीवर त्वचा जगते, नोड्सना दुसरीच बारीक फांदी जाते, कधी ती फांदी सुपरफिशियल इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिककडून येते, आणि डिसेक्शन करताना तुम्ही रक्तस्राव नको म्हणून नेमकी तीच क्लिप करून मोकळे होता. त्वचेवर सुई टोचली की लालभडक थेंब येतो, सगळे खूश. तो थेंब त्वचेबद्दल सांगतो, नोडबद्दल नाही. स्किन पॅडल, म्हणजे फ्लॅपवर ठेवलेला त्वचेचा तुकडा, वॉर्डात मॉनिटर म्हणून उत्तमच आहे, मी शक्यतो ठेवतोच, पण नोडचा दाखला म्हणून ते चालत नाही.

आता आयसीजीबद्दल. इंडोसायनिन ग्रीन हा तसा जुना डाय, १९५० च्या दशकात कोडॅकच्या लॅबमधून आलेला, हृदयाचं आउटपुट आणि लिव्हरचं काम मोजायला आधी वापरायचे. रक्तात गेला की प्रोटीनला चिकटून रक्तवाहिनीतच राहतो, साधारण ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो आणि ८३० च्या आसपास चमकतो, म्हणजे डोळ्याला दिसत नाही, इन्फ्रारेड कॅमेराच लागतो. लिव्हर तो पित्तातून बाहेर टाकतं आणि रक्तातला त्याचा हाफ लाइफ ३ ते ४ मिनिटं. हाच डाय त्वचेत टोचला तर प्रकार एकदम वेगळा, तिथून तो लिम्फच्या नळ्यांतून जातो, नोडमध्ये जाऊन बसतो आणि तासन्‌तास हलत नाही, टोचल्या जागी तर दुसऱ्या दिवशीही दिसतो. म्हणजे शिरेतून दिलेला पाहुणा काही मिनिटांचा आणि त्वचेतून दिलेला मुक्कामाला आलेला, आणि कॅमेऱ्याला दोघांतला फरक कळत नाही. सगळा गोंधळ होतो तो इथेच.

जांघेतून फ्लॅप घेताना रिव्हर्स मॅपिंग का करतो हे रेसिडेंटना माहितीच असतं, तरी नातेवाईकांसाठी सांगतो. जांघेतल्या काही गाठी पायाचं लिम्फ वाहून नेतात आणि काही पोटाच्या खालच्या भागाचं. पायाच्या गाठी चुकून काढल्या तर हात बरा करायला गेलो आणि पाय सुजवून ठेवला असं होतं, आणि ह्या ऑपरेशनमधली सर्वांत वाईट गुंतागुंत हीच. म्हणून न्यूयॉर्कच्या जोसेफ डायन यांनी मांडलेली पद्धत बरेच जण वापरतात: पायाच्या बोटांच्या बेचक्यांत टेक्निशियम हा किरणोत्सारी पदार्थ, पोटाच्या खालच्या त्वचेत आयसीजी, मग टेक्निशियम पकडणारा गॅमा प्रोब जिथे किंचाळतो ते नोड सोडायचे आणि कॅमेऱ्यात जे चमकतात ते घ्यायचे. पायाचे नोड साधारण आतल्या बाजूला आणि खाली, सॅफेनस व्हेन जिथे फेमोरलला मिळते त्या बाजूला असतात, आपल्याला हवे ते वर आणि बाहेरच्या बाजूला, पण साधारण असतात हं, प्रोब हातात नसताना ह्या वाक्यावर विसंबून नोड काढू नका.

पद्धत उत्तम आहे, पण आता बघा काय झालं. जे नोड घ्यायचे ते आधीच लखलखतायत. फ्लॅप पेडिकलवर, म्हणजे त्याच्या आर्टरी-व्हेनच्या देठावर, मोकळा केला, शिरेतून आयसीजी दिला, कॅमेरा लावला, नोड चमकतोय. अरे तो मघापासून चमकतोच आहे! पेडिकलची आर्टरी बंद असती तरी तो चमकलाच असता.

ह्यातून वाट काढायचे दोनतीन मार्ग आहेत. माझ्या पसंतीचा असा की पायाला टेक्निशियम, पोटाला ब्लू डाय, आणि आयसीजी पूर्णपणे शिरेतल्या शॉटसाठी राखून ठेवायचा. आपल्याकडे पेटंट ब्लू मिळण्याची मारामार, मिथिलीन ब्लू सहज मिळतं, पण ते डायल्यूट करून द्या, दाट दिलं तर त्वचेत जखम होऊ शकते आणि निळा डाग तर बरेच दिवस राहतो हे पेशंटला आधी सांगून ठेवा. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्यांना मिथिलीन ब्लू नको, आणि पेशंट डिप्रेशनसाठी एसएसआरआय गटातल्या गोळ्या घेत असेल तर अनॅस्थेटिस्टशी बोलल्याशिवाय नको. कॅन्सरमधून गेलेल्या बऱ्याच बायका ह्या गोळ्यांवर असतात आणि कोणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून फाइलवर विसंबू नका, तोंडाने विचारा.

दुसरा मार्ग म्हणजे मॅपिंग आयसीजीनेच करायचं पण शिरेतला डाय देण्याआधीचा व्हिडिओ घ्यायचा, कॅमेऱ्याचा गेन (चित्र किती उजळ करायचं ते) तसाच ठेवायचा, कॅमेरा स्टँडवर तसाच, आणि मग फरक बघायचा. अशा वेळी आधीच उजळलेला नोड साक्षीदार म्हणून बाद. त्याच्याकडे बघायचंच नाही. बघायचं ते हायलममध्ये, म्हणजे नोडच्या खाचेत, शिरणाऱ्या बारीक रेषेकडे, नोडभोवतीच्या चरबीकडे आणि पेडिकलच्या व्हेनकडे, कारण ह्या तिन्ही जागा आधी काळ्या होत्या. जमतं, पण डोळा बसायला वेळ लागतो.

आणि तिसरा मार्ग, जागाच बदलायची. हनुवटीखालचा सबमेंटल फ्लॅप, जो तैवानच्या चांग गंग हॉस्पिटलमधल्या मिंग-हुई चेंग यांनी रुळवला, किंवा ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा), ह्यांत हातापायाचं लिम्फ वाहून नेणारे नोडच नसतात, त्यामुळे रिव्हर्स मॅपिंगची भानगड नाही आणि आयसीजी रक्तासाठी मोकळा. न्यूक्लिअर मेडिसिन (टेक्निशियम देणारा विभाग) नसलेल्या शहरात हे ऑपरेशन करत असाल तर जांघेच्या वाटेला जाऊच नका असं मी म्हणेन. अर्थात सबमेंटलमध्ये ओठाची नर्व्ह जपायची आणि ओमेंटमसाठी पोटात शिरायचं, फुकट काहीच नाही.

आता प्रत्यक्ष शॉट कसा घ्यायचा ते सांगतो, कारण लिहिलेलं कमी असतं आणि चुकतं नेमकं इथेच.

वायल २५ मिलीग्रॅमची येते, त्यात १० मिली स्टराइल वॉटर घालायचं म्हणजे मिलीला अडीच मिलीग्रॅम. सलाईनमध्ये विरघळवू नका, नीट विरघळत नाही, कण राहतात. विरघळवल्यापासून सहा तासांच्या आत वापरायचं. मदुराईच्या ऑरोलॅबची वायल आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मिळते, मुळात डोळ्यांच्या अँजिओग्राफीसाठीची, तिनेही काम होतं. एका शॉटला ३ मिली म्हणजे साडेसात मिलीग्रॅम पुरतो आणि त्यामागून लगेच १० मिली सलाईनचा फ्लश, फ्लश दिला नाही तर अर्धा डाय ट्यूबमध्येच रेंगाळतो आणि तुम्ही फ्लॅपला नावं ठेवता. दिवसाची मर्यादा किलोमागे २ मिलीग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला १२०, त्यामुळे तीनचार शॉटना डोसची अडचण येत नाही, अडचण येते ती मागचा डाय उतरलेला नसण्याची. दोन शॉटमध्ये १५-२० मिनिटं तरी जाऊ द्या. लिव्हर खराब असेल तर त्याहून जास्त.

पहिला शॉट फ्लॅप जांघेतच असताना, सगळीकडून सुटा झालेला पण पेडिकल अजून कापलेलं नाही अशा वेळी. सुटा केल्या केल्या लगेच नको. डिसेक्शनमध्ये आर्टरी ओढली गेलेली असते, आकसलेली असते, ती सैल व्हायला त्यावर पापाव्हरीन किंवा लिग्नोकेन टाका, कोमट ओला गॉज ठेवा आणि दहापंधरा मिनिटं दुसरं काम करा, काखेतली व्हेन तयार करायला घ्या. तोवर अनॅस्थेटिस्टला विचारा प्रेशर किती आहे. प्रेशर पडलेलं असेल, नॉरअ‍ॅड्रिनलिन चालू असेल, पेशंट गार पडली असेल, किंवा कापण्याआधी तुम्ही अ‍ॅड्रिनलिनचं पाणी भरलेलं असेल, तर येणारं चित्र ह्या सगळ्या गोष्टींचं असेल, फ्लॅपचं नसेल. डाय देताना त्यांना सांगून द्या, पल्स ऑक्सिमीटरचा आकडा काही सेकंद खाली येऊ शकतो, उगाच धावपळ नको.

मग फ्लॅप उलटा करायचा. हे कळीचं. त्वचेच्या बाजूने कॅमेरा लावून नोड दिसणार नाहीत, कारण हा प्रकाश एकदोन सेंटिमीटरच्या पलीकडून परत येत नाही आणि मध्ये चरबी असते. फ्लॅप पेडिकलवर हळूच उलटायचा, पेडिकलला पीळ बसणार नाही असा, खालची बाजू वर, आणि ह्या बाजूने नोड पातळ चरबीतून जवळजवळ डोळ्यानेच दिसतात, तांबूस पिवळे, घेवड्याच्या दाण्याएवढे. ओटीचे दिवे बाजूला फिरवायचे, नुसते कमी करून भागत नाही, हॅलोजनचा दिवा असेल तर स्क्रीन पांढरीफटक होते. कॅमेरा एका अंतरावर स्थिर. सिस्टरना सांगायचं डाय गेला की मोठ्याने सेकंद मोजा.

काय दिसतं? आधी पेडिकलची आर्टरी एका रेषेत उजळते, मग तिच्या फांद्या, मग एखादी केसासारखी रेष नोडच्या खाचेत शिरताना दिसते आणि नोड आतून भरत गेल्यासारखा उजळतो, कडेकडून नाही. मग चरबी हळूहळू करडी होते, आणि थोड्या वेळात व्हेन. ही व्हेन उजळेपर्यंत कोणी हलायचं नाही. बरेच जण नोड चमकला की दिवे लावा म्हणतात, तिथेच घोटाळा होतो. मी व्हिडिओ तीन मिनिटं चालू ठेवतो, कारण डाय उतरताना बघणं हे चढताना बघण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

एखादा नोड उजळलाच नाही तर? आधी स्पाझम (आर्टरी आकसलेली) नाही ना ते बघा, थांबा, पुन्हा शॉट घ्या. तरी काळाच राहिला आणि बाकीचे नीट भरले, तर त्याची फांदी कापली गेलीये किंवा तो दुसऱ्याच आर्टरीवर आहे. दुसरी आर्टरी अजून शाबूत असेल तर तीही सोबत घेता येते का बघा. नसेल तर तो नोड न्यायचा नाही. संख्या वाढवायला म्हणून मेलेला नोड काखेत नेऊन ठेवणं मला पटत नाही. पेडिकल कापायच्या आधी ज्या बाजूच्या फांदीबद्दल शंका आहे तिला मायक्रोक्लॅम्प लावून शॉट घेतला तर ती कापली असती तर काय झालं असतं हे आयतं कळतं. क्लिप लावली की मागे फिरता येत नाही, क्लॅम्प काढता येतो.

एक बारीकसारीक पण फार छळणारी गोष्ट सांगतो. त्वचेत आयसीजी टोचताना थेंब बाहेर येतोच, तो ग्लोव्हला लागतो, ग्लोव्हवरून फोर्सेप्सला, फोर्सेप्सवरून फ्लॅपला, आणि मग इन्फ्रारेडमध्ये सगळीकडे बोटांचे ठसे चमकताना दिसतात. टोचून झालं की ग्लोव्ह बदला, ती सिरिंज नि सुई ट्रॉलीवरून बाहेर द्या. तसंच शिरेतून डाय दिल्यावर जे रक्त फील्डमध्ये सांडतं तेही चमकतं. चरबीवर साचलेलं रक्त चमकलं आणि त्यालाच लोक परफ्यूजन (रक्तपुरवठा) समजले असं मी पाहिलंय. शॉटच्या आधी सलाईनने धुवा, कोरडं करा, आणि चमकणारा डाग गॉजने पुसला जातो का तेवढं बघा, पुसला गेला तर ते सांडलेलं रक्त होतं.

दुसरा शॉट काखेत जोडून झाल्यावर. इथे आर्टरी बहुधा थोराकोडॉर्सलची फांदी, आणि काख रेडिएशनने भाजलेली, दगडासारखी. आर्टरी जोडली, क्लॅम्प सोडला, डाय आला, नोड उजळले, टाळ्या. पण मोठी फसगत इथेच होते. व्हेन बंद असली तरी सुरुवातीला डाय आत येतोच, नळ चालू आणि मोरी तुंबलेली असली तरी बादली भरताना चांगलीच दिसते. कळतं ते पुढच्या मिनिटांत: चांगल्या फ्लॅपमध्ये चमक चढते आणि मग उतरायला लागते, तुंबलेल्यात ती चढते आणि तिथेच बसते, पाच मिनिटांनीही तशीच, आणि पेडिकलची व्हेन जोडणीच्या अलीकडे उजळलेली, पलीकडे अंधार. म्हणून माझी नजर आर्टरीपेक्षा व्हेनच्या टाक्यापलीकडे असते. जोडीला जुनी स्ट्रिप टेस्ट कराच, दोन फोर्सेप्सने व्हेन दाबून रक्त पुढे सारायचं, अलीकडचा फोर्सेप्स सोडायचा आणि रिकामा तुकडा लगेच भरतो का बघायचं, पण हळू हाताने आणि एकदाच, दहादा करून टाक्याची वाट लावू नका.

ह्या पेशंटमध्ये एक जास्तीची भानगड असते. रेडिएशनमुळे अ‍ॅक्झिलरी किंवा सबक्लेव्हियन व्हेनच अरुंद झालेली असू शकते, मग तुमचा टाका कितीही सुंदर असो, पुढे दाब जास्तच. हे आधी डुप्लेक्समध्ये (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) बघून घ्या. आणि नोड फ्लॅपला व्हेन नुसती जगण्यासाठी लागत नाही, काम करण्यासाठीही लागते, कारण नोडमध्ये गोळा झालेलं लिम्फ शेवटी पेडिकलच्या व्हेनमध्येच उतरतं असं चेंग यांच्या टीमने दाखवलंय: फ्लॅपच्या त्वचेत आयसीजी टोचला तर तो थोड्या वेळाने पेडिकलच्या व्हेनमध्ये दिसतो. बघायला सुंदर वाटतं आणि हे करून बघायचा मोह सगळ्यांना होतो, करा, पण सर्वांत शेवटी. शिरेतले सगळे शॉट आटोपल्यावर. आधी केलंत तर रक्तप्रवाहाचं चित्र कायमचं गढूळ.

मग त्वचा शिवताना पेडिकलवर ताण येतो का ते बघा. काखेची त्वचा कडक असते, ओढून शिवली की खालची व्हेन चेपते, आणि क्लॅम्प सोडताना उत्तम वाहणारा फ्लॅप शेवटच्या टाक्याला बंद पडतो. शिवून झाल्यावर डॉपलर लावून आर्टरी आणि व्हेन दोन्हीचा आवाज ऐका, हात शरीराजवळ आणि बाजूला दोन्ही स्थितींत. शंका वाटली तर टाके काढा, स्किन पॅडल मोठं ठेवा किंवा वर स्किन ग्राफ्ट टाका. दिसायला बरं नाही दिसत, नंतर नीट करता येतं.

आकड्यांबद्दल विचारलंत. सॉफ्टवेअर टक्केवारी देतं, एका जागेला शंभर धरून बाकीच्या जागा किती. मॅस्टेक्टोमीच्या (ब्रेस्ट काढल्यावर उरलेल्या) त्वचेवर असा अभ्यास आहे की २५ टक्के आणि खाली असेल तर त्वचा बहुतेक वेळा जाते, ४५ आणि वर असेल तर बहुतेक वेळा जगते, मधला पट्टा धूसर. हे आकडे त्वचेचे आहेत, नोडला लावू नका. आणि शंभर कशाला धरलं त्यावर सगळा खेळ, लिम्फिडिमा (लिम्फ साचून आलेली सूज) असलेल्या हाताची त्वचा मुळातच सुजलेली आणि जाड, तिला शंभर धरलंत तर फ्लॅप उगाचच छान दिसेल. धरायचंच तर चांगल्या बाजूची छातीची त्वचा धरा. मी स्वतः नोडसाठी टक्केवारी बघत नाही, वेळ आणि क्रम बघतो.

कॅमेराच नसेल तर काय? जिल्ह्याच्या ठिकाणी हा खरा प्रश्न आहे. फ्लॅप उलटा करून नोडचा रंग बघा, जिवंत नोड तांबूस असतो, रक्त नसलेला मळकट होतो. चरबीची कड किंचित कापून ताजं लाल रक्त येतं का बघा, नोडला मात्र चीर देऊ नका. ८ मेगाहर्ट्झचा हातातला डॉपलर स्टराइल कव्हर घालून पेडिकलपासून नोडच्या खाचेपर्यंत आवाज धरत न्या. ह्याने बरंच काम होतं. मोबाइलला लावायचा थर्मल कॅमेरा काही जण वापरतात, तो त्वचेसाठी ठीक, चरबीतल्या नोडबद्दल तो फारसं सांगू शकत नाही. लेझरने रक्तप्रवाह दाखवणाऱ्या लेझर स्पेकल कॅमेऱ्याला डाय लागत नाही हे खरं, पण श्वासाबरोबर छाती हलली की चित्र हलतं आणि दिसतो तो फक्त वरचा पापुद्रा.

एलव्हीए म्हणजे लिम्फची नळी थेट बारीक व्हेनला जोडणे, त्याबद्दल दोन ओळी, कारण प्रश्नात दोन्ही एकत्र केलंय. तिथे रक्तपुरवठा हा प्रश्नच उलटा होतो. ०.८ मिलिमीटरपेक्षाही बारीक नळी, ११-० किंवा १२-० चा टाका, आणि भीती ही की व्हेनमधलं रक्तच लिम्फच्या नळीत उलटं घुसेल. त्यामुळे शिरेतून आयसीजी द्यायचं कारण नाही. बेचक्यांत टोचलेला आयसीजी टाक्यापलीकडे व्हेनमध्ये जाताना मायक्रोस्कोपच्या इन्फ्रारेडमध्ये दिसला आणि व्हेन धुतल्यासारखी स्वच्छ झाली की पुरे. नळी लाल होत गेली तर दुसरी व्हेन शोधा, कमी दाबाची, व्हॉल्व्ह शाबूत असलेली.

हत्तीपायाचे पेशंट, आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागातून येतात, त्यांच्यात घोट्याजवळ फ्लॅप बसवताना हेच नियम, फक्त त्वचा इतकी जाड नि कडक असते की कॅमेऱ्याला आजूबाजूचं फारसं दिसतच नाही, आणि पायाच्या व्हेन्सचा दाब उभं राहिल्यावर वाढतो, त्यामुळे टेबलावर आडवं असताना छान वाटलेली व्हेन नंतर दगा देते. तिथे आधीचा डुप्लेक्स आणि नंतरचा पाय उंच ठेवणं ह्यावर माझा कॅमेऱ्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

नातेवाईकांना एक सांगतो, ह्या हिरव्या डायची भीती बाळगू नका. अ‍ॅलर्जी होऊ शकते पण क्वचित. त्यात थोडं आयोडाइड असतं, म्हणून आयोडीनने किंवा सीटी स्कॅनच्या इंजेक्शनने आधी त्रास झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. किडनीवाटे तो जात नाही. त्वचेत टोचला तिथे हिरवट ठिपका थोडे दिवस दिसेल, निळा डाय असेल तर जास्त दिवस.

ऑपरेशननंतर पहिले दोनतीन दिवस तासातासाला डॉपलर आणि पॅडलचा रंग. ओमेंटम पुरलेला असेल, वर त्वचा नसेल, तर व्हेनवर कुक-स्वार्ट्झचा इम्प्लांटेबल (आतच बसवून ठेवायचा) डॉपलर लावलेला बरा, नाहीतर बघणार काय. सिस्टरना एवढंच शिकवा की फ्लॅप पांढरा पडला तर आर्टरी, जांभळा पडून टचटचीत झाला तर व्हेन, आणि दोन्हींत रात्री तीनलाही फोन करायचा.

राहिला कॅमेऱ्याचा प्रश्न. रंगीत नकाशे, टक्केवारी, हे डेमोत फार आकर्षक दिसतं. मी बघेन ते असं: गेन लॉक होतो का, कारण आपोआप गेन वाढवणारा कॅमेरा अंधारा नोडही उजळ करून दाखवतो, सलग पाच मिनिटांचा व्हिडिओ सेकंदांसकट सेव्ह होतो का, आणि स्टँडवर स्थिर राहून काखेत उभा कोन मिळतो का. मायक्रोस्कोप नवीन घेणार असाल तर झाईस किंवा लायकाचं इन्फ्रारेड मॉड्यूल त्यातच घ्या, एलव्हीएला ते लागतंच, पण अख्खा फ्लॅप बघायला त्याचं फील्ड लहान पडतं, त्यासाठी हातातला किंवा स्टँडचा कॅमेरा वेगळाच लागेल. कंपनीचा माणूस डेमोला आला की त्याला दिवे चालू ठेवून, गेन लॉक करून, तुमच्याच ओटीत दाखवायला सांगा आणि तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन घरच्या लॅपटॉपवर उघडतो का तेही बघा, बऱ्याचदा गाडी तिथेच अडते.